‘रंग उडाला’ म्हणजे नक्की काय झालं?
कृत्रिम डोळ्याच्या रंगाविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना

कृत्रिम डोळा वापरणारी व्यक्ती काही वर्षांनी तक्रार घेऊन येते, तेव्हा तिचं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : “डोळ्याचा रंग उडाला.” कुणी म्हणतं, पांढरा भाग पिवळा पडला. कुणाच्या घरचे म्हणतात, पूर्वी कळायचं नाही, आता फोटोत लगेच कळतं. या तिन्ही तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी. पण आपल्याकडे तिन्हींवर उत्तर एकच मिळतं : “नवा करून घ्या.” नवा करायला हरकत नाही. खोबणीतला भाग हळूहळू बसत जातो, जुना डोळा सैल होतो, त्यामुळे पाचेक वर्षांनी तो तसाही बदलावा लागतो. हरकत आहे ती काही न तपासता नवा करण्याला. जुना कशाने बिघडला हे कळलं नाही, तर नवाही त्याच वाटेने जाणार.

हे पुस्तक त्या ‘कशाने’विषयी आहे. त्याचे वाचक दोन प्रकारचे असतील असं मी धरून चाललो आहे. एक, दंतमहाविद्यालयातले विद्यार्थी आणि तंत्रज्ञ. कारण महाराष्ट्रात कृत्रिम डोळे करण्याचं काम बऱ्याच ठिकाणी कवळ्या करणाऱ्या विभागांतच चालतं. दुसरे, ज्यांना तो डोळा रोज लावून वावरायचं आहे ते. दुसऱ्या प्रकारच्या वाचकांनी रसायनाची प्रकरणं नुसती चाळली तरी चालेल. शेवटचं प्रकरण मात्र त्यांनी सोडू नये.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रंग गेला की लोक रंगाला दोष देतात. चित्रकाराने हलका रंग वापरला, स्वस्तातला वापरला, असं म्हणतात. पण बुबुळासाठी वापरलेले भुकटीचे रंग हे या प्रकरणातले सर्वांत कमी दोषी. खरी गडबड होते ती रंगावरच्या पारदर्शक थरात, आणि तो थर कसा शिजवला यात. डोळ्याचा रंग किती टिकणार हे रंगाच्या पेटीपेक्षा, तो थर ज्यात शिजवतात त्या पाण्याच्या टाकीत जास्त ठरतं.

याचं आपल्या जवळचं उदाहरण अजिंठ्याचं. तिथल्या भित्तिचित्रांत प्रामुख्याने मातीचे आणि दगडाचे रंग आहेत : पिवळा गेरू, तांबडा गेरू, हिरवी माती, दिव्याची काजळी, आणि काही ठिकाणी अफगाणिस्तानातून आलेला निळा लाजवर्द. दीड हजार वर्षांनंतरही हे रंग जागेवर आहेत. अजिंठा निजामाच्या राज्यात असताना, १९२० च्या सुमारास, लोरेंझो चेकोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी हे इटालियन जाणकार बोलावले गेले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे त्यांचं मोठं काम. पण चित्रांवर त्यांनी लाखेचा रोगण चढवला. पुढे तो रोगण पिवळट-तपकिरी झाला आणि चित्रं काळवंडल्यासारखी दिसू लागली. मूळ रंगाला काहीच झालं नव्हतं, बिघडला होता तो वरचा संरक्षक थर. पुरातत्त्व खात्याला नंतर अनेक वर्षं तो उतरवत बसावं लागलं. कृत्रिम डोळ्यातही बुबुळाच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, आणि आपण जे पाहतो ते त्या थरातून पाहतो. अजिंठ्याला जे झालं ते इथे छोट्या आकारात, पाच वर्षांत होतं.

इतिहासाला मी पुस्तकात थोडीच पानं दिली आहेत, पण रंगाच्या दृष्टीने तो मजेशीर आहे. इराणमधल्या शहर-ए-सोख्ता इथल्या उत्खननात २००६ साली एका स्त्रीच्या सांगाड्यासोबत कृत्रिम डोळा मिळाला. तो सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा. डांबरासारख्या पदार्थाचा तो डोळा सोन्याने मढवलेला होता. तिथे नैसर्गिक दिसण्याचा प्रश्न नव्हता, त्यामुळे रंग टिकण्याचाही नव्हता. सोळाव्या शतकात फ्रान्सचा शल्यचिकित्सक आंब्रोआझ पारे याने सोन्या-चांदीच्या पत्र्यावर मिनाकारी करून डोळे बनवले. मग व्हेनिसची काच आली, पॅरिसचे मिनाकार आले, आणि १८३५ पासून जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातल्या लाउशा या काचकामाच्या गावात लुडविग म्युलर-उरी याने काचेचे डोळे करायला घेतले. त्याच गावात १८६८ च्या सुमारास क्रायोलाइट घातलेली काच डोळ्यांसाठी वापरात आली. क्रायोलाइट हे तेव्हा ग्रीनलंडमधून येणारं खनिज. त्याने काचेला जो दुधी, किंचित राखाडी पांढरेपणा येतो, तो डोळ्याच्या पांढऱ्या भागाशी इतका जुळतो की जर्मनीत आजही याच काचेचे डोळे फुंकले जातात.

काचेच्या डोळ्यात रंग वरून लावलेला नसतो. धातूंच्या ऑक्साइडांनी रंगवलेल्या काचेच्या बारीक कांड्या वितळवून बुबुळ घडवतात. कोबाल्टचा निळा, लोखंडाचा हिरवट-तपकिरी, मँगनीजचा जांभळट अशी ती रंगसामग्री. हा रंग उन्हाने जात नाही, अश्रूंनी धुपत नाही, शंभर वर्षं पेटीत ठेवला तरी तसाच राहतो. संग्रहालयांत एकोणिसाव्या शतकातले काचेचे डोळे आजही टवटवीत दिसतात. मग काचेचा डोळा एक-दोन वर्षांत बदलावा का लागतो? कारण अश्रूंतल्या क्षारांनी काचेचा पृष्ठभाग हळूहळू खरबरीत होतो. तो पापणीला टोचतो, पाणी वाहतं, चमक जाते. काच पुन्हा पॉलिश करता येत नाही. म्हणजे काचेत रंग पक्का आणि पृष्ठभाग कच्चा. अ‍ॅक्रिलिकमध्ये नेमकं उलट : पृष्ठभाग पुन्हा पुन्हा घासून चकचकीत करता येतो, आणि रंगाची काळजी करावी लागते. दोन्ही गोष्टी एकत्र देणारं द्रव्य अजून कुणाला सापडलेलं नाही.

अ‍ॅक्रिलिक आलं ते युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीहून येणारे काचेचे डोळे बंद झाले आणि अमेरिकेत जखमी सैनिकांसाठी डोळे मिळेनात. तेव्हा सैन्यातल्या दंतवैद्यांनी हे काम अंगावर घेतलं. स्टॅनली अर्फ, मिल्टन विर्ट्झ आणि व्हिक्टर डिट्झ ही त्यांतली तीन नावं. त्यांच्या हाताशी होतं पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे कवळीचं प्लास्टिक. ते कवळीसाठी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळलं होतं. माप घ्यायचं, मेणाचा नमुना करायचा, फ्लास्कमध्ये, म्हणजे धातूच्या डब्यात, साचा भरायचा आणि शिजवायचं, ही सगळी रीत कवळीचीच होती, फक्त नमुना डोळ्याचा. आज आपल्याकडे डोळा करायला माणूस दंतवैद्याकडे का जातो, याचं उत्तर या इतिहासात आहे. याच प्लास्टिकच्या गुणांची आणखी एक साक्ष त्याच युद्धातली आहे. लढाऊ विमानाच्या पारदर्शक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले आणि डोळ्याने ते निमूट सहन केले, हे हॅरल्ड रिडली या ब्रिटिश नेत्रशल्यचिकित्सकाने पाहिलं. त्यावरूनच १९४९ साली त्याने डोळ्यात बसवायचं पहिलं कृत्रिम भिंग केलं. मोतीबिंदूनंतर बसवतात ते भिंग आणि खोबणीत बसवतात तो डोळा, दोघांचं घराणं एकच.

विमानाचं छत उन्हात वर्षानुवर्षं पारदर्शक राहतं. मग त्याच प्लास्टिकचा डोळा पिवळा का पडतो? कारखान्यात ओतलेलं विमानाचं छत आणि प्रयोगशाळेत पावडर-लिक्विड कालवून केलेला डोळा यांत फरक पडतो तो इथे. लिक्विड म्हणजे मोनोमर. त्याचे रेणू एकमेकांत गुंफले गेले की घन प्लास्टिक तयार होतं. ही गुंफण सुरू करायला बेंझॉइल पेरॉक्साइड लागतं, आणि त्याला जागं करायला एकतर उष्णता लागते किंवा एखादं अमाइन. उष्णतेने केलं तर ‘हीट क्युअर’, अमाइनने केलं तर ‘कोल्ड क्युअर’. कोल्ड क्युअर दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं, टाकी लागत नाही, वीज लागत नाही, काम झटपट उरकतं. पण ते अमाइन प्लास्टिकमध्येच राहतं, पुढे त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून पिवळा-तपकिरी रंग तयार होतो. शिवाय कोल्ड क्युअरमध्ये गुंफण अर्धवट राहते. न गुंफलेला मोनोमर हीट क्युअरमध्ये साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत असतो, कोल्ड क्युअरमध्ये तो तीन ते पाच टक्क्यांपर्यंत राहू शकतो. उरलेला मोनोमर हळूहळू बाहेर झिरपतो, त्याच्या जागी पाणी शिरतं, पाण्याबरोबर डाग शिरतात. डोळा सैल झाला म्हणून मागून थोडं कोल्ड क्युअर लावून देणं ही आपल्याकडची सर्रास तडजोड. मागच्या बाजूला ते खपून जातं, पण समोरच्या पारदर्शक थरात त्याला जागा नाही. या बाबतीत माझं मत ठाम आहे आणि पुस्तकात ते तीन ठिकाणी आलं आहे. वाचकाला पुनरुक्ती वाटली तर वाटू द्या.

हीट क्युअरमध्येही घाई चालत नाही. मोनोमर शंभर अंशांच्या जरा वर उकळतो. फ्लास्क एकदम उकळत्या पाण्यात टाकला, तर आत बुडबुडे धरतात. डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक बुडबुडेसुद्धा पारदर्शक थर धुरकट करतात आणि खालचं बुबुळ फिकं दिसतं. म्हणून जुनी शिस्त अशी : पाणी ७४ अंश सेल्सिअसवर आणायचं, तिथे दोन तास धरायचं, मग उकळीवर एक तास. किंवा ७४ अंशांवरच रात्रभर, आठ-नऊ तास. नंतर फ्लास्क टाकीतच सावकाश थंड होऊ द्यायचा. दुपारी तीनला फ्लास्क भरला आणि पाचला रुग्णाला डोळा द्यायचा असेल, तर ही शिस्त पाळता येत नाही हे उघड आहे. तेव्हा रुग्णाला दुसऱ्या दिवशी बोलवावं. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला एक मुक्काम वाढतो, याची मला कल्पना आहे. पण त्या एका रात्रीवर त्याची पुढची पाच वर्षं अवलंबून असतात.

आता रंगांकडे येऊ. प्रकाशाने रंग का जातो हे समजायला लांब जावं लागत नाही. साडीवर सांडलेल्या वरणाचा हळदीचा डाग साबणाने हटत नाही. तीच साडी दोन दिवस कडक उन्हात वाळत घातली की डाग फिका होतो. हळदीतलं कर्क्युमिन प्रकाशात तुटतं. गेरू तुटत नाही, कारण ते लोखंडाचं ऑक्साइड, आणि लोखंड जिथवर गंजायचं तिथवर आधीच गंजलेलं असतं. वनस्पतीजन्य आणि इतर सेंद्रिय रंग हळदीच्या जातीचे, माती-धातूचे रंग गेरूच्या जातीचे, असा ढोबळ भेद लक्षात ठेवला तरी अर्धं काम होतं. अपवाद आहेत, हल्लीचे काही सेंद्रिय रंग चांगलेच पक्के असतात. पण अलिझरीन क्रिमझनसारखा सुरेख किरमिजी रंग, पातळ लावला की प्रकाशात हमखास विरतो. विल्यम रसेल आणि विल्यम अ‍ॅबनी यांनी १८८८ साली ब्रिटनमध्ये जलरंगांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो याचा अहवाल दिला, तेव्हापासून चित्रकारांना कच्च्या-पक्क्या रंगांची यादी माहीत आहे. डोळे रंगवणाऱ्याने तीच यादी भिंतीवर लावावी.

आपल्याकडच्या बहुसंख्य डोळ्यांचं नशीब या बाबतीत चांगलं आहे. तपकिरी बुबुळ म्हणजे बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, थोडा पिवळा गेरू आणि काळा. सगळे मातीचे नाहीतर काजळीचे. बाहुलीचा काळा कार्बनचा, त्याला तर काळच लागत नाही. पण काळ्याभोर दिसणाऱ्या बुबुळातही थर असतात : बाहुलीभोवती जरा उजळ, तांबूस वलय, मग गडद पट्टा, आणि पांढऱ्या भागाला भिडताना धूसर होत जाणारी कड. हे थर पातळ हाताने लावले नाहीत तर बुबुळ बटणासारखं दिसतं. मोनोमर-पॉलिमरच्या पातळ पाकात रंगाची भुकटी कालवून थर चढवतात. तैलरंगही वापरतात, पण त्यांतलं जवसाचं तेल वाळायला दिवस लागतात, ते कालांतराने स्वतः पिवळं होतं, आणि अर्धवट वाळलेल्या तेलावर अ‍ॅक्रिलिक नीट धरत नाही. रंगवताना कारागीर मधूनमधून बुबुळावर पाण्याचा एक थेंब सोडून बघतो. त्या थेंबातून जो रंग दिसतो तोच पारदर्शक थराखाली दिसणार असतो, कोरडा दिसतो तो नव्हे. नवखे विद्यार्थी कोरडा रंग जुळवतात आणि डोळा शिजून आला की गडद दिसतो म्हणून चकित होतात.

खरी कसोटी घाऱ्या डोळ्यांची. कोकणात आणि कोकणातून देशभर व जगभर पांगलेल्या घरांत घारे, हिरवट, क्वचित निळसर डोळे असतात. अशा बुबुळात निळं किंवा हिरवं रंगद्रव्य मुळी नसतंच. मेलॅनिन कमी असतं, आणि आतल्या तंतूंवर प्रकाश विखुरून निळसर झाक येते. ही झाक रंगाने उभी करायची तर पांढऱ्यात मिसळलेले अगदी पातळ निळे-हिरवे थर द्यावे लागतात. आणि जराही कच्चा असलेला रंग पांढऱ्यात मिसळून पातळ केला की तो प्रकाशात लवकर फिका होतो, कारण थोडंच द्रव्य आणि त्याच्यावर भरपूर प्रकाश. तपकिरी बुबुळात दहा टक्के रंग गेला तर कुणाला कळत नाही, घाऱ्या बुबुळात तेवढाच गेला तर समोरचा माणूस थबकून बघतो. घाऱ्या डोळ्यासाठी कोबाल्ट निळा आणि क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा सोडून दुसऱ्या रंगांच्या मोहात पडू नये. दुकानात त्यांच्याहून मोहक निळे पुष्कळ मिळतात.

पांढऱ्या भागात दुर्लक्षित राहते ती एक गोष्ट, रक्तवाहिन्यांचे धागे. रेयॉनचे नाहीतर रेशमाचे तांबडे तंतू विलग करून, चिमट्याने एकेक पसरून ते पांढऱ्यावर चिकटवतात. काम बघत राहावं इतकं देखणं असतं. पण हा धागा शिवणकामाच्या लडीतला असतो आणि त्याचा रंग कापडाचा. बुबुळासाठी पक्का रंग निवडायचा आणि शिरांसाठी पेठेतल्या दोऱ्याची लडी, ही विसंगती अनेक प्रयोगशाळांत आहे. काही वर्षांनी शिरा गुलाबी होतात, मग दिसेनाशा होतात, आणि पांढरा भाग प्लास्टिकसारखा सपाट दिसतो. घरचे याला ‘डोळा निर्जीव झाला’ म्हणतात, आणि ते बरोबर म्हणतात. उपाय सोपा आहे : त्या लडीचा एक तुकडा अर्धा झाकून, अर्धा उघडा, खिडकीत दोन महिने चिकटवून ठेवावा. फरक दिसला तर ती लडी फेकून द्यावी. किंवा शिरा तांबड्या गेरूने बारीक कुंचल्याने काढाव्यात. जराशा मातकट येतात, पण जात नाहीत.

हल्ली बुबुळ रंगवायच्या ऐवजी दुसऱ्या डोळ्याचा फोटो काढून, कागदावर छापून, ती चकती आत बसवण्याची पद्धत वाढली आहे. चित्रकाराचा हात नसलेल्या ठिकाणी ती वरदान आहे, आणि पहिल्या दिवशी तिच्याइतका हुबेहूब डोळा हाताने क्वचितच होतो. पण प्रिंटरची शाई कोणती, हे विचारलंच पाहिजे. रंग विरघळवलेली शाई आणि रंगाचे कण असलेली शाई यांत टिकाऊपणाचं अंतर मोठं आहे, कणांची शाई कितीतरी पक्की. शिवाय कागद पाणी शोषतो. कडेने ओल शिरली की चकती धूसर होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये लंडनच्या मूरफिल्ड्स रुग्णालयात पूर्णपणे त्रिमित छपाईने केलेला डोळा रुग्णाला बसवला गेला. त्याची बातमी मराठी वाचकांपर्यंतही पोचली असेल. तंत्र थोर आहे. पण छपाईची रेझिन प्रकाशाने घट्ट होतात आणि अशा रेझिनांची पिवळं पडण्याची खोड जुनी आहे. दहा वर्षं वापरलेले असे डोळे हातात येतील तेव्हा त्यांच्याविषयी ठामपणे बोलता येईल.

रंग किती बदलला हे मोजायचं कसं, याला पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. स्पेक्ट्रोफोटोमीटर रंगाला तीन आकडे देतो : उजळपणाचा एक, लाल-हिरव्या अक्षावरचा एक, पिवळ्या-निळ्या अक्षावरचा एक. आधीचे आणि नंतरचे आकडे यांमधलं अंतर म्हणजे ‘डेल्टा ई’. दातांच्या रंगांवरच्या अभ्यासांत असं दिसतं की हे अंतर १.२ च्या आसपास असलं की निम्म्या लोकांना फरक जाणवतो, आणि २.७ च्या आसपास गेलं की निम्म्यांना तो खपत नाही. हे आकडे दातांचे. डोळ्याला ते जसेच्या तसे लावणं मला पटत नाही. डोळ्याला डोळा भिडवून बघतात, दाताला कोण भिडवतं? ब्राझीलमध्ये अरासातुबाच्या दंतविद्यालयात कृत्रिम डोळ्यांच्या रेझिनवर आणि रंगांवर बरंच काम झालं आहे. यंत्रात अतिनील प्रकाश, वाफ, उष्णता यांचे फेरे देऊन वर्षांचं वार्धक्य काही आठवड्यांत आणायचं आणि रंग मोजायचा, अशी ती रीत. ती उपयोगाची आहेच. पण यंत्रातली चकती सतत प्रकाशात असते. खऱ्या डोळ्यावर पापण्यांची उघडझाप असते आणि फक्त मधला पट्टा उजेड बघतो. पापणीखालचा भाग जन्मभर सावलीत. जुना डोळा बाहेर काढून मधल्या पट्ट्याचा पांढरा आणि वरच्या पापणीखाली दडलेला पांढरा शेजारी शेजारी बघावा. मधलाच पिवळा असेल तर उजेडाचा किंवा साचलेल्या थराचा दोष. सगळीकडे सारखाच पिवळा असेल तर दोष शिजवण्याचा.

आणि पुष्कळदा दोष ना उजेडाचा असतो, ना शिजवण्याचा. रोज पुसून पुसून पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडलेले असतात, त्यांवर अश्रूंतली प्रथिनं साचलेली असतात, आणि प्रकाश तिथेच विखुरल्याने खालचा रंग फिका दिसतो. पाण्याचा थेंब इथेही कामाला येतो : थेंबाखाली रंग पूर्ववत गडद दिसला, तर डोळ्याला रंग नव्हे, पॉलिश हवं आहे. वर्षातून एकदा नीट पॉलिश केलं तर ‘रंग उडालेले’ कितीतरी डोळे परत कामाला लागतात.

एक वेगळा विषय टाळता आला असता, पण टाळला नाही. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने महाराष्ट्रात थैमान घातलं. जीव वाचवण्यासाठी अनेकांचा नुसता डोळा नव्हे, पापण्यांसकट खोबणीतलं सगळं काढावं लागलं. अशा माणसाला अ‍ॅक्रिलिकचा डोळा पुरत नाही. सिलिकॉनच्या पापण्या आणि भोवतीची कातडी करून त्यात डोळा बसवावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो चष्म्याआड राहतो. इथे रंगाचा प्रश्न उलटा होतो. आतला डोळा टिकतो, भोवतालचं सिलिकॉन एक-दोन वर्षांत रंग बदलतं. आतून मिसळलेला रंग थोडा तग धरतो, वरून लावलेला हाताच्या स्पर्शाने आणि घामाने जातो. त्यातून चैत्र-वैशाखात माणसाचा चेहरा रापतो आणि सिलिकॉनचा रापत नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याला उन्हाळ्यासाठी एक आणि पावसाळा-हिवाळ्यासाठी एक, असे दोन तुकडे करून द्यावेत, असं मला वाटतं. ज्यांनी हा आजार सोसला त्यांच्यासाठी हे सरकारी रुग्णालयांत मोफत व्हायला हवं, आणि एकदाच नव्हे, दर दोन वर्षांनी.

जिवंत डोळाही बदलत असतो, हे आपण विसरतो. लहान मुलाचा पांढरा भाग निळसर असतो, वयाबरोबर तो पिवळट होतो. साठीनंतर बुबुळाच्या कडेला पांढुरकं कडं धरतं. कधी पांढऱ्या भागावर मांस वाढतं. शेजारचा डोळा असा बदलत गेला आणि कृत्रिम डोळा जागच्या जागी राहिला, तर रंग पक्का असूनही जोडी मोडते. रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाने डोळा गमावलेल्या बालकांत तर चेहऱ्याच्या वाढीमुळे डोळा वारंवार बदलावाच लागतो. तिथे रंगाच्या टिकाऊपणाची फार चिंता करू नये, मापाची करावी.

वापरणाऱ्यांना दोनच सूचना. डोळा स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने कधीही पुसू नका. अल्कोहोलने अ‍ॅक्रिलिकवर केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या कुठल्याही पॉलिशने पूर्ण जात नाहीत. साधा साबण, कोमट पाणी, मऊ फडकं एवढं पुरे. उकळतं पाणी नको. आणि डोळा काढण्या-घालण्याआधी हात धुवा. स्वयंपाकघरातून उठून हळदीच्या बोटांनी धरलेल्या डोळ्यावर कसला डाग पडतो, ते कवळी वापरणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा.

शेवटचं प्रकरण म्हणजे प्रकरण नाही, एक कोरं कार्ड आहे. त्यावर रकाने आहेत : पांढऱ्या आणि पारदर्शक रेझिनचं नाव व बॅच, हीट क्युअर की कोल्ड क्युअर, किती अंशांवर किती तास, बुबुळाला कोणते रंग, शिरांना कोणता धागा, छापलेलं बुबुळ असेल तर कोणती शाई, तारीख. डोळा आतून कशाचा केला आहे हे आज आपल्याकडे बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं. त्यामुळे पाच वर्षांनी तो बिघडला की कशाने बिघडला हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि चांगला टिकला तर का टिकला हेही कळत नाही. तंत्रज्ञांना विनंती की हे कार्ड प्रत्येक डोळ्याबरोबर भरून द्यावं आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवावी. वापरणाऱ्यांना विनंती की डोळा ताब्यात घेताना कार्ड मागावं. दिलं नाही तर पुन्हा मागावं, आणि पुढच्या वेळी पॉलिशला येताना बरोबर आणावं.